अर्धा कोयता

लोक लेह-लडाखला जाऊन येतात आणि लिहितात. मी यवतमाळहून एसटीनं आर्णीला गेले, तिथून ऑटोनं एका तांड्यावर, आणि त्याच संध्याकाळी घरी परतले. एवढाच माझा प्रवास, पण लिहिल्याशिवाय चैन पडणार नाही.

बोलावणं गोकुळचं. पस्तीस वर्षांपूर्वी मी आर्णीला शाळेत नवी शिक्षिका होते, तेव्हाचा हा माझा विद्यार्थी. फोनवर म्हणाला, "मॅडम, मोठा भाऊ आपल्या पोरीले, पायलले, दहावीतून काढून राह्यला. ऊसतोडीले नेते म्हन्ते. तुमी या एकडाव, तुमचं ऐकते तो."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. दहावीतली पोरगी, आणि ऊसतोड? एक जाडजूड प्रश्नसंच घेतला, पिशवीत टाकला. भाषण तर जन्माचं पाठ होतं. वर्गात मी फळ्यावर बाण काढायची: लहान कुटुंब, मग शिक्षण, मग उत्पन्न. घरोघरी असं झालं की देश आपोआप पुढे जातो, असं ठासून सांगायची. पोरं वहीत उतरवून घ्यायची.

दिवाळी तोंडावर आली होती. रस्त्याच्या दोन्ही अंगांना कापूस फुटलेला, तुरीला पिवळी फुलं, सोयाबीन निघालेली वावरं (शेतं) उघडी पडलेली. एसटीत शेजारी बसलेल्या बाईंनी तांड्याचं नाव ऐकलं आणि म्हणाल्या, "आता कोन भेटन तुमाले तिथी? ऊसतोडीचे ट्रक लागले असतीन." मी म्हटलं, म्हणूनच तर चालले. तांड्याच्या तोंडाशी ऑटोतून उतरताना माझ्या चपलेचा अंगठा तुटला. पाय फरफटवत मी पोचले. उपदेश करायला निघालेल्या बाईची ही अशी एंट्री.

पायल पळत आली. चप्पल माझ्या पायातून काढून घेतली, गोणपाट शिवायच्या दाभणानं दोन मिनिटांत शिवली. मी प्रश्नसंच दिला तर कोऱ्या पानाचा वास घेतला आणि लगेच पेन काढून त्यावर नाव लिहिलं. मला वाटलं, जिंकले.

गोकुळच्या घरी जेवण झालं. बाटी (ज्वारीची भाकर), वांग्याची भाजी, मिरचीचा ठेचा. वाढत होता अविनाश, गोकुळचा एकुलता एक मुलगा. डी.एड. झालेला, शिक्षकभरतीची परीक्षा पास, आणि पाच वर्षं घरी बसून. मग शेजारच्या घरातून गोकुळचा मोठा भाऊ देविदास आला. मी भाकरीचा हात धुतला आणि सुरू झाले. शिक्षण, पोरीचं आयुष्य, सगळं. देविदासनं शांतपणे ऐकलं.

"मॅडम, मले पाच लेकरं. दोघांचे लग्नं झाले, ते आपल्या आपल्या जोडीनं चालले. दोघं भाऊ मिळून एक कोयता. उरली पायल."

कोयता म्हणजे दोघांची जोडी. एकानं ऊस तोडायचा, दुसऱ्यानं मोळी बांधून वाहायची. टोळी नेणारा मुकादम मजूर असा जोडीनंच धरतो.

"मग पायलला राहू द्या की! उरली तर उरली!"

"अन् अविनाशले जोडी कोन?"

मी गोकुळकडे पाहिलं. त्यानं मान खाली घातली होती. फोनवर त्यानं हे सांगितलंच नव्हतं.

"माह्याच पोरासाठी चाललं हाय हे," तो म्हणाला. "म्हून मले तोंड नाही मॅडम. तुमीच सांगतलं होतं, एकच ठेवा अन् शिकवा. मी एकच ठेवला. शिकवला. नोकरी नाही तं कोनी पोरगी देऊन नाही राह्यलं. ना बायको, ना भाऊ, ना बहीण. अर्धा कोयता मुकादम घेत नाही."

"काका, मी एकटा दुसरं काही पाहीन," अविनाश म्हणाला.

"पाच वर्सं झाले, पाहूनच राह्यला न तू?" देविदास म्हणाला.

मी म्हटलं, आमच्या संस्थेच्या एखाद्या शाळेत शब्द टाकते. अविनाश हसला. रागानं नाही, हेच वाईट. "मॅडम, तिथं शब्द नाही चालत. काय चालते, तुमाले माहीत हाय."

मला माहीत होतं. माझ्या मुलीच्या अ‍ॅडमिशनच्या वेळी मार्क कमी पडले, तेव्हा डोनेशनसाठी आम्ही दारव्हा रोडचा प्लॉट विकला होता. मलाही एकच मुलगी. तिनं तोच धडा गिरवला, आणि ती पुण्याला मोठ्या पगारावर आहे. फळ्यावर मी प्लॉटचा बाण कधी काढलाच नाही. काढायचं सुचलंसुद्धा नाही, इतका तो घरचा होता.

मग मी पायललाच विचारलं, तुला काय वाटतं? ती म्हणाली, "दादानंच मले पाढे शिकवले. त्याले एकटं कसं सोडू?" मग तिनंच मला विचारलं, "तुमच्या ताईले भाऊ-बहीण किती?"

"कोणी नाही."

"मंग ते कोनाच्या जोडीनं काम करते?"

काय सांगणार, कपाळ! "एकटीच," म्हटलं. तिला ते खरं वाटलं नसावं.

निघताना पायलनं प्रश्नसंच माझ्या पिशवीत परत ठेवला. "घर बंद राहीन मॅडम, उंदरं खातीन. दुसऱ्या पोरीले द्या." परीक्षा पुढच्या वर्षी देईन असंही म्हणाली, माझं समाधान व्हावं म्हणून. गोकुळ फाट्यापर्यंत सोडायला आला. "तुमची चूक नाही मॅडम," एवढं बोलला. त्यापेक्षा दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

शिवलेली चप्पल घरापर्यंत टिकली. मुलीचा फोन आला, "आई, ट्रिप कशी झाली?" मी म्हटलं, बरी.

मग प्रश्नसंच काढला. पहिल्या पानावर पायलनं सकाळी घातलेलं नाव होतं, इयत्ता दहावीसकट. त्यावर तिनं एक रेघ मारली होती. चांगली मुलं मारतात तशी, पट्टी धरून.