कमांड आहे, प्रोटोकॉल नाही

आज डोकं फिरलंय, म्हणून इथे लिहितोय.

खिदिरपूरला आमच्या गोदीच्या ऑफिसात नवा नेटवर्क स्विच बसवला. एक लाइन तुटली की आपोआप दुसरीवर जायचा प्रोटोकॉल त्याच्या सिस्टिममध्ये आहे, असं माहितीपत्रकात छापलंय. मी तो चालू करायची कमांड दिली, त्याने निमूट घेतली. खात्री करायला मुख्य केबल काढली, तर सगळं ऑफिस ठप्प. गेटवर कंटेनरचे ट्रक अडकले आणि मॅनेजर सेनदा ट्रकवाल्यांना समजवायला गेटकडे धावले.

स्विचच्या कंपनीला फोन लावला. तिथला इंजिनिअर शांतपणे म्हणाला, "सर, सध्या फक्त कमांड आहे. प्रोटोकॉल पुढच्या व्हर्जनमध्ये येईल."

अरे, मग एरर तरी दाखवा ना.

ब्रेक पुढच्या वर्षी येणार म्हणून आत्ता नुसतं पेडल बसवलेली गाडी तुम्ही घ्याल का?