देवाकडे तोंड केलेला फौजी

फोटोतला माणूस कोण, हे आम्हाला पक्कं माहीत होतं. तो कोणत्या पलटणीतला, एवढंच माहीत नव्हतं, आणि तेवढ्यापायी माझे दोन वर्षांचे रविवार गेले.

माणूस म्हणजे माझे थोरले काका, वडिलांचे मोठे भाऊ. माझ्या जन्माआधी फौजेत गेले ते परत आले नाहीत. तार आली होती म्हणतात. ती इंग्रजीत होती. आजोबांनी ती पोस्टमास्तरकडून वाचून घेतली आणि पुढे घराची मागची भिंत बसली तेव्हा बाकीच्या कागदांबरोबर तीही चिखलात गेली. देह आला नाही, सामान आलं नाही. त्यामुळे देवळ्याजवळच्या आमच्या गावात वर्षानुवर्षं एक कुजबुज चालत राहिली, की तो मेला नाही, पळाला. तिकडेच कुठेतरी बाई करून राहिला. ही कुजबुज सगळ्यात जास्त वाट्याला आली ती आत्याच्या. ती तरुणपणी विधवा होऊन माहेरी आलेली. पाण्यावर भांडण झालं की बायका तिला हमखास भावावरून बोलायच्या.

नव्वदचं दशक संपत आलं तेव्हा गावानं शाळेपुढे दगड बसवायचं ठरवलं. त्यावर गावातल्या शहीद फौजींची नावं कोरायची. समितीचा प्रमुख एक निवृत्त सुभेदार, पायदळातला. त्यानं नियम केला की नावापुढे पलटण हवीच. आत्यानं शेजारच्या दुकानातून मला नाशिकला फोन लावला. "तू मास्तरीण शे ना? मग शोध."

मी शाळेत विज्ञान शिकवते. पुरावा मागायची सवय आहे, म्हणून मी फोटो मागितला.

आत्यानं तो भिंतीवरून काढून पुढ्यात ठेवला आणि मी कपाळाला हात लावला. वरची काच कधीच फुटलेली. आत्या दर पितृपक्षात फोटोला गंध लावायची आणि कपाळावर टोपी असल्यामुळे ते नेमकं टोपीवरच्या बिल्ल्यावर लागायचं. इतक्या वर्षांच्या गंधाचा तिथे खपली धरलेला एक पिवळा डाग झाला होता.

"आत्या, कागदावर गंध लावतात का?"

"मग कुठं लावू? तुझ्या कपाळावर?"

नाशिकच्या स्टुडिओवाल्याला विचारलं, तर तो म्हणाला, "मॅडम, हे खरवडलं तर काका पण जातील." बिल्ला संपला. खांद्यावरच्या पितळी अक्षरांवर उजेड पडून नुसता पांढरा ठिपका उरलेला. शिल्लक राहिलं काय, तर दोन खिशांचा शर्ट, कमरेचा पट्टा, आणि डाव्या खांद्यावरून खिशात गेलेली एक विणलेली दोरी.

जिल्ह्याच्या सैनिक कचेरीत गेले. तिथला माणूस सज्जन होता. त्यानं मला बसायला खुर्ची दिली आणि सांगितलं, "नंबर किंवा युनिट आणा, मग शोधतो." युनिटच शोधायला आले आहे म्हटल्यावर त्यानं चहा मागवला. पुढच्या तीन खेपांनाही हेच.

मग फोटो स्कॅन करून मोठा करून घेतला आणि देवळाली कॅम्पला गेले. शाळेतल्या शिपायाच्या ओळखीनं दोन निवृत्त जवान भेटले. पहिल्यानं फोटो हातात घेतल्याबरोबर जाहीर केलं, "हा सप्लायवाला. पोट बघा."

"याला पोट कुठंय?" दुसरा म्हणाला.

"नंतर आलं असतं."

दुसरा तोफखान्यातला होता. त्यानं चष्मा पुसला, फोटो लांब धरला, जवळ धरला. "आमचा नाही, ताई. तोफखान्याची दोरी उजव्या खांद्याला. तुमच्या काकांची डावीकडे आहे. बाकी काही असतील, गनर नाहीत."

हे मला पटलं. निदान कारण देऊन बोललेला पहिला माणूस. मी तोफखाना बाद केला आणि उरलेल्या फौजेत काकांना शोधत बसले. कुणी म्हणे सिग्नलचे, कुणी म्हणे बँडमधले. प्रत्येकाला फोटोत आपलीच पलटण दिसायची, नाहीतर जिच्यावर राग आहे ती.

इकडे दगड तयार झाला. सव्वीस जानेवारीला उद्घाटन ठरलं. आदल्या रविवारी मी हात हलवत गावी गेले, तर आत्या खुशीत. सुभेदारानं घरी येऊन फोटो पाहिला होता आणि छातीवर हात ठेवून सांगितलं होतं, "ही डाव्या खांद्याची दोरी आमच्या पलटणीची. मी स्वतः तीस वर्षं घातली. समितीपुढे मी जबान देतो." समितीनं मान्य केलं होतं. पाथरवटानं नाव आणि पलटण कोरायला घेतलंही होतं.

माझं समाधान होईना. फोटो पुन्हा भिंतीवर, देव्हाऱ्याशेजारी लागला होता. मी सहज म्हटलं, "बरोबर देवाकडे बघतायत काका."

"बघतीन नही तर काय," आत्या म्हणाली. "पहिले पाठ होती देवाकडं. बाबाले ते पटेना. मोठा फोटो करायचा तेव्हा मालेगावच्या फोटोवाल्याले सांगितलं, पोराचं तोंड फिरव. त्यानं फिरवलं."

"फिरवलं म्हणजे?"

"निगेटिवची काच उलटी लावली म्हने. माले काय माहीत? बारका फोटो त्यानं परत दिलाच नही."

मी फोटो खाली उतरवला. नवऱ्याचे शर्ट मी वर्षानुवर्षं इस्त्री केलेत. पुरुषांच्या शर्टाची डावी पट्टी वर येते. काकांच्या शर्टाची उजवी वर होती. म्हणजे सगळाच माणूस उलटा छापलेला, आणि दोरी मुळात उजव्या खांद्याला. तोफखाना!

"हे तू मला दोन वर्षांपूर्वी का नाही सांगितलंस?"

"तू कधी विचारलं? तू तर गंधावरच बसली."

मी तशीच सुभेदाराकडे गेले. तो ओट्यावर हरभरा सोलत होता. मी बटणं दाखवली, पट्टी दाखवली, आजोबांची गोष्ट सांगितली. त्यानं सगळं ऐकून घेतलं.

"बरं. तोफखान्यातली रेजिमेंट कोणती?"

"ते नाही कळणार आता."

"साक्षीदार?"

"नाही. पण तुमची पलटण नाही, हे नक्की."

"मास्तरीणबाई, समितीनं नाव घेतलं ते माझ्या जबानीवर. जबान मागे घेतो म्हणालो, तर पाथरवट उद्या नाव छिनून टाकील. मग पुराव्याला काय ठेवता? शर्टाची बटणं?"

"पलटणीची जागा मोकळी सोडा. नुसतं नाव राहू द्या."

"बाकी सगळ्यांपुढे पलटण आणि एकट्यापुढे रिकामं? लोक काय म्हणतील, पळालेला म्हणूनच रिकामं."

दोन वर्षं डोकं फोडून खरं हाती लागलं, आणि ते दगडावर घालायचं तर काकांचं नावच दगडावरून उतरणार. मला सुभेदाराचा राग आला, आजोबांचा आला, त्या मालेगावच्या फोटोवाल्याचा तर फारच. मी म्हटलं, "असू द्या तसंच," आणि उठले. त्यानं मूठभर हरभरा माझ्या हातावर ठेवला. तो मी वाटेत खाल्ला.

आत्याला खरं सांगितलं. लपवून ठेवणं मला जमत नाही. तिनं परातीत पीठ घेतलं. मग म्हणाली, "तो तोपवाला होता?"

"हो."

"बरं झालं. त्याले आवाज आवडायचा." आणि भाकरी थापायला लागली.

सव्वीसला झेंडावंदन झालं, भाषणं झाली, दगडावरचं कापड काढलं. आत्याला वाचता येत नाही. तिनं मला दंडाला धरून पुढे नेलं. आमच्या मागे पाण्यावरच्या त्याच बायका उभ्या होत्या.

"वाच."

मी काकांचं नाव वाचलं.

"पुढचं?"

पुढचं खोटं होतं, हे आम्हा दोघींनाही ठाऊक होतं. मी तेही वाचलं, सुभेदाराच्या पलटणीचं नाव, शेवटच्या अक्षरापर्यंत.

"मोठ्यानं," आत्या म्हणाली. "मागं ऐकू गेलं नसंल."

मी वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोचवते तसा आवाज काढला आणि पुन्हा पहिल्यापासून वाचलं.