कमळाकरचं रिपीट

कमळाकरनं भिवपुरीच्या पॉवर हाऊसमध्ये चौतीस वर्षं काढली, पण इंग्रजी क्रियापद म्हणाल तर त्याच्या वाट्याला खरं एकच आलं: रिपीट. शाळेत बाईंनी अर्थ सांगितला होता, पुन्हा करणे. कंट्रोल रूममध्ये तेवढ्यावर भागत नसे. फोनवर हुकूम आला, की ऐकणाऱ्यानं तो जसाच्या तसा परत म्हणून दाखवायचा आणि पलीकडून 'करेक्ट' येईपर्यंत कशालाही हात लावायचा नाही. घाईत माणूस जिवाला मुकतो, एवढं साधं त्यातलं शहाणपण.

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. ही तर रिटायर झाल्यावरही त्याच्याबरोबर घरी आली. इंदूबाईनं बाजारहाट सांगितला, की हा दारात उभा. "रिपीट करतो. मेथीची एक जुडी, दोन लिंबं."

"अवो, माज्या बापानं नवरा बघितला का पोपट?" ती म्हणायची. 'करेक्ट' मात्र तिनं कधी म्हटलं नाही.

गेल्या उन्हाळ्यात इंदूबाईला अर्धांगाचा झटका आला. हातपाय सावरले, पण जीभ काही वळेना. एवढी बोलकी बाई आणि तोंडातून नुसता आवाज. रविवारी पनवेलहून लेक अपेक्षा आली, ती आईला कायमची न्यायलाच. साड्यांची पिशवी भरून तिनं दारात ठेवली.

"बाबा, तिला काय पायजे ते तुमाला कळनार हाय का? माज्याकडं दिवसभर बाई ठेवीन मी."

पोर काही वावगं बोलत नव्हती. इतक्यात इंदूबाई खाटेवरून काहीतरी बोलली.

"बघा, हो म्हनते ती."

"थांब गं." कमळाकर बायकोसमोर स्टूल ओढून बसला. "रिपीट करतो. पनवेलला जायचंय?"

तिनं मान हलवली, नाही.

"पोरीचा राग आलाय?"

नाही.

"मंग इथंच रायचंय? माज्या हातचं अळणी खाऊन?"

तिनं मान डोलावली. अपेक्षाचे डोळे भरून आले. पण कमळाकर जागचा हलेना. नुसत्या मान डोलावण्यावर त्यानं जन्मात कधी स्विच ओढला नव्हता. इंदूबाईनं तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. घामाघूम झाली बिचारी.

"क... रेक."

तेव्हा कुठं कमळाकर उठला, दारातली पिशवी आत आणली आणि एकेक साडी परत कपाटात ठेवली.