घासलेल्या बाटल्या

माझ्या किराणा दुकानात चहापुड्यांच्या शेजारी पाणी भरलेल्या छोट्या बाटल्यांची एक ओळ असते. गल्लीतले दीर लोक येता-जाता विचारतात, "काय वैनी, आज देशी का विदेशी?" मीही सोडत नाही. "गटाराची हाय भाऊजी, देऊ का घोटभर?" म्हटलं, की मुकाट्यानं उदबत्तीचा पुडा घेऊन जातात.

धारूरच्या घाटाखालचं आमचं गाव. गावातल्या काही बायकांना पाणी तपासायचं शिकवलं, त्यात मी होते. काम सोपं आहे. बाटलीच्या बुडाला चिमूटभर भुकटी असते. खुणेपर्यंत पाणी भरायचं, झाकण लावायचं आणि एक-दोन दिवस ठेवून द्यायचं. पाण्यात मैल्याचे जंतू असतील तर बाटली शाईसारखी काळी पडते. नसतील तर तशीच राहते. बाटली उबेत ठेवावी लागते, पण आमच्या उन्हाळ्यात उबेची काय कमी!

त्या उन्हाळ्यात माझी लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती आणि नेमकी त्याच वेळी खालच्या आळीत कावीळ निघाली. दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "पोटुशीला कावीळ झाली तर फार वाईट. पाणी जपा." मी घरी आले आणि आधी बाटल्यांचा खोका काढला.

सगळ्यांचा संशय नळावर होता. मी बाटल्या वाटल्या. नळाची एक, हापशाची एक आणि महादेवाच्या देवळामागच्या आडाची एक. जी बाई जिथलं पाणी भरते, तिनंच तिथली बाटली भरायची. प्रत्येकीला बजावलं, "बायांनो, स्वच्छता पाळा." सगळ्या बाटल्या जशाच्या तशा राहिल्या. मला कोण आनंद झाला! लेकीला उकळलेलं पाणी गिळवत नव्हतं, नळाच्या पाण्याला औषधाचा वास येतो म्हणून नाक मुरडायची. आडाचं पाणी मात्र गोड. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, रोज सकाळी अंघोळ करून नातीसाठी तिथून कळशी आणायच्या. आणा म्हटलं खुशाल.

पण कावीळ हटेना. शेजारची काकू काविळीनं पडली आणि माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. काकू नळाचं पाणी तोंडालासुद्धा लावत नाही. ती आडाशिवाय दुसरीकडचं पीतच नाही.

मी नवी बाटली काढली आणि आडाचं पाणी भरून आणायला आत्याबाईंच्या हातात दिली. त्या निघाल्या की नाही बघायला मागच्या दारी गेले, तर आत्याबाई मोरीत बसून बाटली राखेनं घासत होत्या. मन लावून, आत बोट घालून.

"आत्याबाई, हे काय करताव?"

"आगं, देवाच्या आडाचं पानी तसल्या धुळकट बाटलीत कावून भरायचं? बुडाला कायतरी चिकटलतं. लई चिवट व्हतं बग. मागल्या बारीला बी असंच निघना."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ते चिकटलेलं म्हणजेच तर औषध! तशीच चप्पल अडकवून बाकीच्या बायकांकडे गेले. नळावरचीनं बाटली घासली होती. हापशावरचीनं घासून वर उन्हात पालथी घातली होती. "तुमीच म्हनलाव की स्वच्छता पाळा," म्हणाली. आमच्याकडे दुसऱ्याकडून आलेलं भांडं घासल्याशिवाय त्यात पाणी भरणारी बाई सापडायची नाही. उष्टं-खरकटं नसलं तरी हात आपोआप राखेकडे जातो. चिडावं की हसावं ते कळेना. मी रस्त्यात उभी राहून आधी हसले आणि मग मला रडू फुटलं, कारण लेक गेले कित्येक दिवस तेच पाणी पीत होती.

या वेळी सगळ्या बाटल्या मी माझ्या हातानं भरल्या. नळाची आणि हापशाची तशीच राहिली. आडाची दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत काळीकुट्ट झाली. इतके दिवस आम्ही नळवाल्याला शिव्या घालत होतो. चोर सोडून संन्याशाला फाशी, ती अशी. आडापासून हाकेच्या अंतरावर देवळाच्या नव्या भक्तनिवासाच्या संडासांचा शोषखड्डा होता. त्याच्याकडे कुणी वळूनही पाहिलं नव्हतं.

देवळाच्या सभामंडपात माणसं जमली. मी बाटली दाखवली, तर एक जण म्हणाला, "बाटलीच नासकी असंल." दुसरा म्हणाला, "म्हादेवाच्या पान्याला नावं ठिवताव व्हय? बापजाद्यापासून पितोय आमी." माझा राग नाकाच्या शेंड्यावरच असतो. मी तोंड उघडणार, तेवढ्यात आत्याबाई उठल्या. काळी बाटली त्यांनी माझ्या हातातून घेतली. लग्न होऊन आल्यापासून त्याच आडाचं पाणी त्यांनी देवाला घातलेलं, लेकरांना पाजलेलं.

"नासकी बाटली न्हाई. मी घासली व्हती म्हनून पैल्या बारीला कळलं न्हाई," त्या म्हणाल्या. "आन् म्हादेवाचं मला नगा सांगू. इख त्यानं सोता पेलं. गावाच्या लेकराबाळांला पाजा म्हनून कुनाला सांगितलं त्यानं?"

त्याच दिवशी आडावर फळ्या टाकल्या. पुढं शोषखड्डा बुजवून लांब नेला, आड उपसला, औषध टाकलं. देवाच्या अभिषेकालाही नळाचं पाणी सुरू झालं आणि देव काही रागावला नाही.

पण माझा जीव लेकीत अडकला होता. रक्त तपासलं, साफ आलं. डॉक्टरबाई म्हणाल्या, "इतक्यात हुरळू नका. कावीळ उशिरानं दिसते. काही आठवड्यांनी पुन्हा बघू." ते आठवडे मी कसे काढले ते माझं मला माहीत. रोज सकाळी लेकीला उजेडात नेऊन तिचे डोळे बघायचे. ती वैतागायची. आत्याबाई लांबूनच बघायच्या. त्यांनी नातीला पाणी देणं सोडलं होतं. तिनं मागितलं तरी मलाच हाक मारायच्या, "तू दे गं, माजा हात नगो."

दुसरा रिपोर्टही साफ आला. मी दवाखान्यातून धावत आले, बोलायला दम उरला नव्हता, नुसता कागद हलवत दारात उभी राहिले. आत्याबाईंनी पदरानं तोंड झाकलं आणि मोठ्यानं रडल्या. "माज्या हातानं पाजीत व्हते गं मी, माज्या हातानं!"

लेक पोट सावरत भिंतीला टेकून खाली बसली.

"आजी, तहान लागली," ती म्हणाली.

मी हंड्याकडे निघाले. लेकीनं माझा हात धरून मला खाली बसवलं.

"आजी, तू दे."

आत्याबाई उठल्या, उकळून गार केलेल्या पाण्याच्या हंड्यावरचं झाकण काढलं, पेला भरला आणि दोन्ही हातांनी तिच्यापुढे धरला. थोडं पाणी सांडलं. लेकीनं आजीच्या हातांसकट पेला धरला आणि सगळं पाणी पिऊन टाकलं.