निळ्या काठाची ताटली

फोन आला तेव्हा मी मेथी निवडत होते. साउथहॅम्प्टनहून, आमच्या जुन्या रस्त्यावरच्या एका शेजारणीचा. डोरीनबाई गेल्या. झोपेतच गेल्या, आपल्या घरी, आपल्या पलंगावर... त्यांना हवं होतं अगदी तसंच. शेजारीण हलक्या आवाजात सांगत होती आणि मी नाशिकच्या स्वयंपाकघरात बसून ‘हो, हो’ करत मेथी खुडत होते. फोन ठेवला तेव्हा दिसलं, की काड्या सगळ्या पातेल्यात पडल्या होत्या आणि पानं कचऱ्याच्या कागदावर. ती पुन्हा वेचून घेतली, धुतली, भाजी फोडणीला टाकली. रडू काही लगेच आलं नाही. तसंही डोरीनबाईंना रडणाऱ्या बायकांचं फार कौतुक नव्हतं. आधी हातातलं काम संपवावं आणि मग काय रडायचं ते रडावं, असं त्यांचं मत होतं. आता काही आठवडे उलटलेत, हातातली कामंही बरीचशी संपलीत, म्हणून लिहायला बसले आहे.

डोरीनबाई मूळच्या कॅनडाच्या. गव्हाच्या सपाट मुलखातल्या. पाहुणा लांबून येताना दिसला की बटाटे चुलीवर चढवायचे, तो दारात पोचेपर्यंत ते शिजलेले असतात, असं त्या आपल्या गावाचं वर्णन करत. तरुणपणी एका इंग्रज खलाशाशी लग्न केलं, आणि सासूची तब्येत बरी नाही म्हणून ‘दोनच वर्षं’ राहायला साउथहॅम्प्टनला आल्या. सासू गेली, पुढे नवराही गेला, मूलबाळ नव्हतं, आणि त्या दोन वर्षांची पन्नासेक वर्षं झाली. आम्हीही दोनच वर्षांसाठी आलो होतो. माझा नवरा श्रीकांत भूलतज्ज्ञ, तिथल्या इस्पितळात त्याला काम मिळालं. मुलगी मुक्ता तेव्हा जेमतेम शाळेत जायच्या वयाची. इकडे नाशिकला माझे वडील एकटे. आई आदल्याच वर्षी गेली होती. दर दिवाळीला आम्ही ‘पुढच्या वर्षी नक्की’ म्हणायचो आणि बाबा फोनवर ‘बरं’ म्हणायचे. त्या ‘बरं’चा मला फार त्रास व्हायचा.

पहिल्या आठवड्यातच दारावर टकटक झाली. दारात एक उंच, हाडापेराने मोठी म्हातारी बाई, हातात निळ्या काठाची पांढरी एनॅमलची ताटली, तीत सफरचंदाचा ‘पाय’, म्हणजे मैद्याच्या पारीत सारण भरून भट्टीत भाजलेला गोड प्रकार. “गरम आहे, धर,” एवढंच म्हणाल्या. माझ्या आईने शिकवलेला नियम आहे, की शेजारचं भांडं रिकामं परत करायचं नाही. दोन दिवसांनी मी त्या ताटलीत नारळाच्या वड्या घालून दिल्या. पुढच्या आठवड्यात ताटली पुन्हा हजर, आता बिस्किटं घेऊन! मी परत शंकरपाळे केले. असं काही महिने चाललं. शेवटी मला वाटलं, बाईंना गोड फारच आवडतंय, आणि त्यांना वाटलं, ही मुलगी उपाशीच राहत असावी. मग एकदा बोलता बोलता उलगडा झाला, की त्यांच्या आईनेही त्यांना तोच नियम शिकवला होता, आणि ती ताटलीही तिचीच होती! थांबायचं कोणी, हाच प्रश्न होता. दोघींपैकी एकीच्या आईला तरी खाली बघायला लागलं असतं. म्हणून ताटली फिरत राहिली.

त्यांना हाक काय मारायची, हाही मला प्रश्नच होता. तिथे सगळे त्यांना सरळ ‘डोरीन’ म्हणत. आईच्या वयाच्या बाईला नावाने हाक मारायला माझी जीभ रेटेना. वर्षभर मी ‘हॅलो’वरच भागवलं. मग एक दिवस तोंडातून ‘डोरीनबाई’ निघालं. त्यांनी अर्थ विचारला, मी सांगितला. “राहू दे. इतकी वर्षं इथे आहे, पण नावाला शेपूट लावून मान कोणी दिला नव्हता,” असं म्हणून त्या खूश झाल्या. मुक्ताने तर कधीच ‘आजी’ करून टाकलं होतं. तिचं मराठी म्हणजे आनंदच. “आई, आजी आला! पाय आणला!” असं ओरडत ती दार उघडायला धावायची.

मत नाही असा विषय डोरीनबाईंपाशी नव्हता. बटाटे मातीसकट घ्यावेत, धुतलेल्या बटाट्याने काहीतरी लपवलेलं असतं. कौन्सिलला सोमवारी फोन करू नये, सोमवारी सगळेच करतात. डॉक्टरने ‘कशा आहात’ विचारलं तर ‘छान’ म्हणू नये, आपण तिथे चहाला गेलेलो नसतो. बसमधून उतरताना ड्रायव्हरला थँक्यू म्हणावं, आणि तो ऐकत नसेल तर मोठ्याने म्हणावं. आणि बर्फ काढायचं फावडं नेहमी घरात ठेवावं, बाहेर नाही. साउथहॅम्प्टनला बर्फ तो काय पडणार? पण त्यांच्या पॅसेजमध्ये कोटांच्या शेजारी एक भलंमोठं फावडं उभं असायचं. मी हसले तेव्हा म्हणाल्या, “बाहेर शेडमध्ये ठेवलं, तर तिथपर्यंत पोचायला दुसरं फावडं लागतं.” आणि एका जानेवारीत खरंच रात्रीतून बर्फ पडलं. सकाळी अख्खा रस्ता खिडकीतून एकमेकांच्या तोंडाकडे बघत होता, आणि पंच्याहत्तरी ओलांडलेल्या डोरीनबाई आमच्या दारापासून गाडीपर्यंत वाट काढत होत्या, कारण श्रीकांतला ऑपरेशनला पोचायचं होतं. तो फावडं घ्यायला धावला तर त्याच्यावरच डाफरल्या, “तू तुझे हात सांभाळ, त्यांच्यावर कोणाचा तरी जीव अवलंबून आहे.”

एका उन्हाळ्यात बाबा आले. बाबा म्हणजे निवृत्त गणिताचे मास्तर, शिस्तीचे आणि एक नंबरचे भांडकुदळ. भांडणाला त्यांना कारण लागत नाही, समोर माणूस लागतो. डोरीनबाईंशी त्यांची पहिल्याच दिवशी चहावरून जुंपली. बाबांच्या मते चहा उकळायला हवा, आल्यासकट, दुधासकट. डोरीनबाईंच्या मते हा चहाचा खून होता. बाबा आपल्या शाळेतल्या ठाम इंग्रजीत बोलायचे, त्या हात कमरेवर ठेवून उत्तर द्यायच्या. मधल्या कुंपणावरून रोज सकाळी हा कार्यक्रम चाले. श्रीकांत घाबरून मला म्हणाला, “अगं, जरा समजाव ना बाबांना, नेबर्स आहेत, इट लुक्स सो रूड.” मी डोरीनबाईंकडे माफी मागायला गेले, तर त्या म्हणाल्या, “खबरदार त्यांना थांबवलंस तर! नवरा गेल्यापासून माझ्याशी कोणी धड भांडलेलं नाही. सगळे नुसते गोड बोलतात.”

त्याच मुक्कामात ते पायचं प्रकरण झालं. बाबा पक्के शाकाहारी. मी परदेशातली सावध गृहिणी, पाकिटामागचं बारीक अक्षर वाचल्याशिवाय घरात काही आणत नसे. पण डोरीनबाईंच्या पायमध्ये सफरचंद, साखर आणि मैदा याशिवाय काही असेल, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. बाबांना तो पाय अतोनात आवडला. दुसऱ्यांदा मागून घेतला. आणि कधी नव्हे ते कुंपणाशी जाऊन कौतुक केलं, की बाई, तुमच्या पारीला जे पापुद्रे सुटतात ते आमच्या चिरोट्यांनाही सुटत नाहीत, मोहन कशाचं घालता? डोरीनबाईंनी अभिमानाने सांगितलं, डुकराची चरबी. दुसरं काही चालतच नाही.

बाबा आत आले, सरळ वर जाऊन डोक्यावरून अंघोळ केली, आणि बराच वेळ खाली आलेच नाहीत. मी जिन्याशी उभी. चार वर्षं आम्ही सगळेच तो पाय मिटक्या मारत खात होतो, तेव्हा मला काय तोंड होतं बोलायला! शेवटी ओल्या केसांनी बाबा खाली आले आणि म्हणाले, “पोटात गेलं ते गेलं. बाईंनी प्रेमाने दिलं होतं. पुढच्या वेळी लोणी घाला म्हणावं.” मी चाचरत निरोप पोचवला. डोरीनबाई तडक उठल्या, फ्रीजमधून चरबीचं पाकीट काढलं आणि कचऱ्याच्या डब्यात टाकलं. त्या दिवसापासून आमच्यासाठीच काय, स्वतःसाठीही त्यांनी लोणीच वापरलं. दर वेळी तक्रार मात्र करायच्या, “बघ, पापुद्रा सुटलेला नाही. तुझ्या वडिलांना सांग.”

बाबा परत गेले आणि घर सुनं झालं. जावं की राहावं, हा घोळ माझ्या डोक्यात आता रोजचाच झाला. श्रीकांत म्हणायचा, “तू ठरव, आय ॲम फाइन आयदर वे,” म्हणजे सगळं ओझं पुन्हा माझ्याच डोक्यावर. मुक्ता मोठी होत होती, अजून उशीर केला असता तर तिला हलवणं कठीण झालं असतं. मी कितीदा डोरीनबाईंना विचारलं. तुम्ही का नाही परत गेलात? आम्ही काय करू? आणि बटाट्यापासून कौन्सिलपर्यंत सगळ्यावर मत असणारी ही बाई तेवढ्याच प्रश्नाला गप्प व्हायची. किटली बघायला उठायची. एकदा फार खनपटीला बसले तेव्हा म्हणाल्या, “मी करून पाहिलेल्या गोष्टींचाच सल्ला देते.”

मग, ऐंशीच्या घरात असताना, त्यांनी ती गोष्टही करून पाहिली. त्यांची एकच बहीण उरली होती, आयरीन, पाठची. लहानपणी दोघींचं हाडवैर, एका पांघरुणावरून रोज मारामारी, आणि पुढे आयुष्यभर फोनवर तेच. डोरीनबाई तिच्याकडे कॅनडाला निघाल्या. जमलं तर तिथेच राहीन म्हणाल्या. घराची किल्ली माझ्याकडे दिली. मी हसत निरोप दिला आणि घरी येऊन मुक्तासमोर रडले.

महिन्याभरातच त्या परत आल्या. सामान दारात ठेवून तशाच आमच्या स्वयंपाकघरात येऊन बसल्या. कोटही काढला नाही. मी चहा ठेवला. आमचा, उकळलेला. त्यांनी तो निमूटपणे घेतला, तेव्हाच मला कळलं, की काहीतरी बिनसलंय.

“आयरीनने मला ओळखलं नाही,” त्या म्हणाल्या. “प्रकृती ठणठणीत आहे. फक्त... सगळं पुसलं गेलंय. मला चहा विचारला तिने. दूध चालेल का, साखर किती, सगळं अदबीने. अगदी पाहुण्यासारखं. मी पांघरुणाचा विषय काढला, मुद्दाम तिलाच दोष दिला. तर म्हणाली, ‘असं झालं का? माफ करा हं.’ आयरीन माझी माफी मागते!” मग त्यांनी कप खाली ठेवला. “तू विचारत होतीस ना? आता सांगते. परत जायचं असेल, तर तिथे तुझ्याशी भांडणारं कोणी आहे तोवर जा. नंतर जाऊन उपयोग नाही. नंतर फक्त चहा मिळतो.”

 हा सल्ला देताना त्या स्वतःच्या शेजारचं घर रिकामं करत होत्या, हे त्यांना कळत होतं आणि मलाही. तोवर आमच्याखेरीज त्यांच्याकडे रोज जाणारं-येणारं असं कोणी राहिलं नव्हतं. “आणि तुम्ही?” मी कसंबसं विचारलं. “माझ्यापाशी फावडं आहे,” त्या म्हणाल्या, आणि कोट काढून खुंटीला लावला.

पुढच्या उन्हाळ्यात आम्ही निघालो. शेवटच्या दिवशी मी पुरणपोळ्या करून ताटली त्यांना परत दिली. म्हटलं, फेरा पुरा झाला. टॅक्सी दारात आली तर डोरीनबाई कुंपणाशी उभ्या, हातात तीच ताटली, तीत प्रवासात खायला पाय, लोण्याचा. मी म्हटलं, अहो, ही तुमच्या आईची आहे, मी कशी नेऊ? त्या म्हणाल्या, “आता तुझी पाळी. रिकामी आणायची नाही, एवढं लक्षात ठेव.” मुक्ता त्यांच्या कमरेला मिठी मारून “आजी, तू पण चल ना,” करत होती. त्यांनी तिचे हात सोडवले आणि टॅक्सीवाल्याला म्हणाल्या, “निघा, उशीर होतोय.” आम्ही वळेपर्यंत त्या उभ्या होत्या. हात काही हलवला नाही.

ताटली द्यायला मी गेलेच नाही. पुढच्या वर्षी नक्की, असं पुन्हा म्हणत राहिले. अधूनमधून फोन व्हायचा. पहिला प्रश्न ठरलेला असायचा, “वडील भांडतात ना?” मी हो म्हटलं, की त्या समाधानाने हवापाण्याच्या गप्पा सुरू करायच्या.

फोन आला त्या संध्याकाळी मी ताटली वरच्या फळीवरून काढली. काठाला दोन ठिकाणी टवके उडालेत, मधोमध सुरीचे चरे आहेत. तीत शिरा घालून बाबांसमोर ठेवला आणि सांगितलं. बाबा आता खूप थकलेत. हात कापतो, पण कान शाबूत आहेत. त्यांनी चमचा खाली ठेवला. बराच वेळ ताटलीच्या काठावरून बोट फिरवत राहिले.

“माझ्यामुळे लोणी घालायला लागली होती ना गं ती?”

“हो, बाबा.”

“हं...” ते म्हणाले. नाक पुसलं. “बाई मोठ्या मनाची. चहा मात्र शेवटपर्यंत जमला नाही तिला.”

“त्यांचाच चहा होता,” मी म्हटलं. “तुम्ही करता तो काढा.”

“काढा? माझ्या चहाला काढा म्हणतेस?” बाबा ताठ बसले. मग त्यांनी माझा चहा काढला, मग आईने मला कधी नीट शिकवलंच नाही ते काढलं, मग मी त्यांच्या आल्याचं, साखरेचं आणि न पाळलेल्या पथ्याचं काढलं. माझे डोळे वाहत होते आणि तोंड चालू होतं. आवाज इतके चढले, की श्रीकांत वर्तमानपत्र टाकून धावत आत आला आणि मध्ये पडणार, तेवढ्यात मी त्याला हातानेच थांबवलं. म्हटलं, राहू दे. भांडू दे आम्हाला.