तळ्यात काही टाकायचं नाही

मासे सापडेनात, तसतसे किस्से साठत गेले. ल्यूकन गावातल्या माझ्या मराठी मैत्रिणी फोनवर विचारायच्या, "काय गं, मिळाला का तुमचा मासा?" मासा नाही, किस्सा आहे, ऐकतेस का, हे माझं ठरलेलं उत्तर.

२०१४ ते २०१९ची गोष्ट. अविनाश, माझा नवरा, आयर्लंडला शिकायला आला आणि इथल्या एका मोठ्या तळ्यावरच्या प्रोजेक्टला लागला. तळं एवढं, की पलीकडचा काठ दिसत नाही. त्यात पोलन नावाचा चंदेरी मासा, हिमयुगापासून टिकलेला. आता जवळजवळ संपलेला. अंड्यांनी भरलेली एक मादी आणि एक नर मिळाले, तर हौदात पिल्लं वाढवून पुन्हा सोडायची, एवढीच सगळ्यांची आशा.

होडीत आम्ही चौघं. साहेबीण ग्रॉन्या, होडीवाला मार्टिन, अविनाश आणि मी. मला नोकरीची परवानगी नव्हती, म्हणून हौसेनं माशांच्या नोंदींची वही लिहायचे. पोलनच्या रकान्यात इतकी वर्षं शून्य काढलं, की माझं शून्य फार सुबक यायला लागलं!

*

ग्रॉन्याचा नियम एकच. तळ्यात बाहेरचं काही पडता कामा नये. बाहेरून आलेल्या शिंपल्यांनी आणि माशांनीच पोलनला हटवलं होतं. त्यामुळे ती औषधाचा स्प्रे घेऊन धक्क्यावर उभी. बूट, दोर, जाळी, सगळ्यावर फवारा!

पहिल्याच दिवशी मी पूजेचं निर्माल्य तळ्यात सोडायला आणलं होतं. तिनं पिशवी काढून घेतली. "देव तुझा, तळं माझं!"

मला रडूच आलं. मार्टिन हळूच म्हणाला, "मनावर घेऊ नकोस. आमचे फादर होडीला आशीर्वाद द्यायला आले होते. त्यांना हिनं विचारलं, हे पवित्र पाणी कुठल्या तळ्यातलं?"

*

मी माशासाठी सोळा सोमवार धरले. नेमकी सोमवारीच जाळी उचलायची असायची. सगळे सँडविच खाताहेत आणि मी नुसती बसलेली.

"आजारी आहेस का?" मार्टिननं विचारलं.

"उपास आहे. पोलन सापडावा म्हणून."

त्यानं हातातलं सँडविच खाली ठेवलं. मग म्हणाला, "माशासाठी उपास करणारी तू पहिलीच. आमच्यात उपासाला मासा खातात!"

सोळाही सोमवार झाले. उद्यापन केलं. रकान्यात शून्य.

*

मग नवीन टेस्ट आली. मासा दिसायची गरज नाही, पाण्याच्या बाटल्या लॅबला पाठवायच्या. मासा पाण्यात असला की त्याची खूण पाण्यात उतरते म्हणे. रिझल्ट आला. आहे! ग्रॉन्या रडली, अविनाशनं तिला चक्क मिठी मारली, मी सगळ्यांसाठी शिरा केला.

तिसऱ्या दिवशी मार्टिन टोपी हातात धरून दारात उभा. "त्या बाटल्या मी माझ्या थंड पेटीतून नेल्या होत्या ना..."

"मग?"

"त्याच्या आदल्या आठवड्यात तिच्यात माझं जेवण होतं."

उत्तरेच्या एका तळ्यात पोलन अजून आहे, बाजारात मिळतो. मेव्हण्यानं त्याला दोन दिले होते, तेच पेटीत होते! ग्रॉन्यानं नव्या बाटल्या भरल्या. पुन्हा तपासलं, तर पाण्यात काही नव्हतं.

"मग तिकडचेच आणून इथे सोडू या की," मी म्हटलं.

ग्रॉन्यानं स्प्रेकडे बोट दाखवलं. बाहेरचं काही नाही!

*

आमची मुक्ता आठ वर्षांची. शाळेत विचारलं, आई काय करते? ही म्हणाली, "शी काउंट्स फिश दॅट आरन्ट देअर."

दुसऱ्या दिवशी तिच्या टीचरनी मला फाटकाशी बाजूला घेतलं. माझ्या दंडावर हात ठेवून अगदी मायेनं विचारलं, "घरी सगळं ग्रँड आहे ना?" इकडे ग्रँड म्हणजे नुसतं ठीक.

मी हसले. गाडीत बसल्यावर मात्र हसू पुरलं नाही.

*

२०१९चा डिसेंबर. नाताळात प्रोजेक्ट बंद होणार होता. मी होडीतच सगळ्यांसमोर नवस बोलले. "एक पोलन जाळ्यात येऊ दे, तळ्याला नारळ वाहीन."

मासा जिवंत राहावा म्हणून जाळी तासातासाला उचलायचो. एका सकाळी जाळी टाकून परतलो आणि असा वारा सुटला, की दुपारपर्यंत होडी काढता आली नाही.

जाळ्यात एक मादी होती. पोलन. पिकलेल्या अंड्यांनी पोट टम्म भरलेलं. कल्ल्याशी दोरा रुतलेला. मेलेली.

नर नव्हता. ग्रॉन्या तिला ओंजळीत धरून बसून राहिली. अविनाशनं पाठ फिरवली. मी वहीत एक लिहिला, तोही धड येईना.

मार्टिन माझ्याशेजारी येऊन बसला. "तुझा तो नवस. बोलताना 'जिवंत' म्हणाली होतीस का?"

"नाही."

"हं. मग तळ्यानं शब्द पाळलाय."

शेवटच्या दिवशी मी पदराखाली नारळ घेऊन धक्क्यावर गेले. ग्रॉन्यानं बघितलंच. हात पुढे केला. मी मुकाट्यानं नारळ दिला.

तिनं स्प्रे उचलला. नारळ फिरवून फिरवून फवारला. शेंडी बोटांनी विंचरून आतपर्यंत फवारली. बाटलीवर लिहिलेली मिनिटं घड्याळात मोजली, नारळ स्वतःच्या बाहीनं पुसला आणि माझ्या हातात परत ठेवला.

"टाक," म्हणाली.