नाव कोणाचं राहील

धसईच्या पलीकडे आमचं घर. मी तेव्हा मुरबाडला एका कारखान्यात स्टोअर सांभाळायचो, सुट्टीला शेत बघायचो. पहिली बायको बाळंतपणात गेली, मुलगा मागे राहिला. तो चार वर्षांचा असताना सापगावच्या एका विधवेशी माझा पाट लागला. पाट म्हणजे मांडव नाही, वाजंत्री नाही. संध्याकाळी देवळात मोजकी माणसं आणि परत येऊन वरण-भात. ती येताना दोन हंडे, एक जातं आणि नऊ वर्षांची मुलगी घेऊन आली. जातं आमच्याकडे होतंच, तिचं पडवीत पडून राहिलं. मुलगी मात्र पोराचं ऐकून ऐकून मला बाबा म्हणायला लागली होती.

कारखान्यातल्या एका साहेबांना तारे बघायचा नाद होता. त्यांनी एकदा मला विचारलं, "तुमच्याकडे अंधार कसा आहे?"

"अंधाराला काय तोटा, साहेब. लाइट असते कुठं?"

दिवाळीच्या सुट्टीत ते आले. भात झोडून झालं होतं, खळं रिकामं नि नुकतं सारवलेलं. दिवेलागण झाल्यावर त्यांनी खळ्यात दुर्बीण मांडली. आधी नुसत्या डोळ्यांनी बघायला लावलं. डोक्यावर एक पुसट डाग होता, ओल्या फडक्याने पाटी पुसल्यावर राहतो तसा.

"ही देवयानी," साहेब म्हणाले. "आपल्या आकाशगंगेसारखीच दुसरी दीर्घिका. आपल्याकडेच येतेय. चार-पाचशे कोटी वर्षांनी बहुतेक दोघी एकमेकींत शिरतील."

बायको चहाची किटली घेऊन मागे उभी होती. "मंग आपला सूर्य फुटंल?"

"नाही हो वहिनी. ताऱ्यांमध्ये जागाच एवढी, की एकाचा दुसऱ्याला धक्कासुद्धा लागायचा नाही. आरपार जातील, मागे फिरतील, परत येतील. असं करत करत शेवटी एकच दीर्घिका होईल."

मुलगी दुर्बिणीला डोळा लावून होती. तशीच म्हणाली, "मंग नाव कोणाचं राहील?"

साहेब हसले. "तेव्हा नाव ठेवायला कोणी असलं तर तो ठरवेल." मग माझ्याकडे वळले. "हुशार आहे. तुमची मुलगी का?"

"नाय, पाहुण्यांची. सुट्टीत आलीये."

का म्हणालो? राग नव्हता तिच्यावर. साहेबांना माझ्या दुसऱ्या लग्नाचं ठाऊक नव्हतं. हो म्हटलं असतं तर एवढी मोठी मुलगी कुठून आली ते सांगावं लागलं असतं, त्यामागून विधवा, पाट, सगळंच. पाहुण्यांची म्हटलं की विषय संपत होता. आणि संपलाच. बायकोने कप भरले. मुलीने दुर्बिणीवरून डोळा काढला आणि माझ्या पोराला बघायला पुढे केलं.

दुसऱ्या दिवसापासून ती आमच्याकडे पाहुणी म्हणून राहू लागली. माठातलं पाणी घ्यायच्या आधी विचारायची. पानात पडेल तेवढंच खायची, वर मागायची नाही. सगळ्यांच्या आधी उठून अंथरुणाची घडी करून ठेवायची. बाबा बंद झालं. "आई म्हणते, जेवायला चला," एवढंच. शेजारीण बायकोला म्हणायची, "नशीब काढलंस गो, पोरीचा काय सुद्धा तरास नाय." ते खरंच होतं. मला ते सोयीचं होतं, म्हणून मी ते तसंच चालू दिलं. बायको एकदाच बोलली, "एक शब्द बोला तिच्याशी." मी म्हटलं, बोलतो. तिच्या लग्नापर्यंत एका घरात राहिलो, एकमेकांना धक्का न लावता.

लग्न ठरलं तेव्हा पत्रिका छापायची होती. मुलीच्या बापाच्या जागी माझं नाव घालू का, असं मी तिलाच विचारलं. तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "कशाला उगाच? लोक इचारतील, तुमाला सगळं सांगत बसावं लागंल." पत्रिकेवर तिच्या वारलेल्या बापाचं नाव आलं, कन्यादानाला तिचे सापगावचे काका बसले. माझं नाव खाली, आपले नम्र. मी वाढपाकडे बघत होतो.

पहिल्या दिवाळीला ती आली, चार दिवस राहिली. निघताना मी तिला धसईच्या स्टँडवर सोडायला गेलो. पिशवी तिने माझ्याकडे दिली नाही. तिथे भाताचा एक व्यापारी भेटला, नवखा होता. "कोण, पाहुणे का?"

"मुलगी माझी," मी म्हणालो. मोठ्यानेच म्हणालो.

व्यापाऱ्याने मान हलवली आणि टपरीकडे गेला. ती मुरबाडच्या बाजूने येणाऱ्या रस्त्याकडे बघत होती. थोड्या वेळाने म्हणाली, "त्याला काय फरक पडतोय?"

"त्याला नाय."

"मंग मला तेव्हाच सांगायचं." राग नव्हता आवाजात, एसटीचा टाइम सांगावा तसं म्हणाली. गाडी आली, ती चढली, खिडकीशी बसली आणि गाडी सुटेपर्यंत पिशवी मांडीवर धरून राहिली.

आता ती वर्षाकाठी एकदा येते. पाणी अजून विचारूनच घेते. मीही अजून "विचारतेस काय" असं म्हणालेलो नाही, तोंडापर्यंत येतं.

मध्यंतरी वर्तमानपत्रात वाचलं, त्या दोन दीर्घिका एकमेकींत शिरतीलच असं आता खात्रीने सांगता येत नाही. कदाचित शेजारून निघून जातील. ते कात्रण मी साहेबांसाठी ठेवलं होतं. मग तिच्यासाठी ठेवलं. अजून माझ्याकडेच आहे.